वेळेआधी आलेलं पॅकेट

१

माझी आई शेजारणींना सांगते, "आमची लेक कर्नलकडे कामाला असते." हा कर्नल लष्करातला नाही, हे मी तिला पन्नासदा सांगून पाहिलं. यंत्र चालू केल्यावर आतमध्ये जो सगळ्यांत आधी जागा होतो आणि बाकीच्यांना उठवतो, त्या कोडला कर्नल म्हणतात. ती म्हणते, "मग तेच की! सगळ्यांना उठवतो तो कर्नलच." शेवटी मी नाद सोडला.

आमची कंपनी इस्पितळांसाठी एक छोटी पेटी बनवते. अतिदक्षता विभागात प्रत्येक खाटेशी एक यंत्र असतं. ते रुग्णाची नाडी मोजतं, श्वास मोजतं. ही सगळी यंत्रं आमच्या पेटीला जोडलेली असतात आणि सगळ्या खाटांच्या रेघा सिस्टरच्या टेबलावरच्या एका पडद्यावर दिसतात. अशा आठ हजार पेट्या ठिकठिकाणी चालू आहेत. त्यांच्या कर्नलमधला नेटवर्कचा भाग मी लिहिलेला आहे, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत.

रोज सकाळी सव्वानऊला मी प्रयोगशाळेत येते, पिशवी खुंटीला लावते आणि फळीवरच्या बारा पेट्या एकेक करून चालू करते. प्रत्येक पेटी जागी होताना पडद्यावर ओळी उमटत जातात. त्या मी वाचते. खरं म्हणजे वाचायची गरज नाही, मला त्या पाठ आहेत. पण आपल्या मुलाने म्हटलेली कविता आई जशी दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी ऐकते, तसं माझं होतं.

या कामात सगळा खेळ क्रमाचा असतो. आधी यादी तयार करायची: आपण कोण, पत्ता मिळाला की तो कुठे लिहायचा, शेजारी कोण. मग नेटवर्कचं कार्ड जागं करायचं. आणि सगळ्यांत शेवटी दार उघडायचं, म्हणजे बाहेरून आलेली पॅकेटं आत घ्यायला लागायचं. घर आवरायच्या आत पाहुण्यांना दार उघडलं की फजिती होते, तसंच हे. अकरा वर्षांत माझी एकही पेटी उठताना पडली नव्हती. हे मी लग्नकार्यातसुद्धा ऐकवते. कुणाला कळत नाही, पण ऐकवते.

२

यंदा मी एक पराक्रम केला होता. पेटी उठायला अकरा सेकंद लागायचे, ते मी चारवर आणले. साहेबांनी कंपनीच्या दारात पाटीच लावली: 'चार सेकंदांत सज्ज'. येता-जाता मी त्या पाटीकडे बघायची. खोटं कशाला सांगू, कधीकधी मुद्दाम त्या दाराने जायची.

नवी आवृत्ती पहिल्यांदा एकाच इस्पितळात गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथून फोन आला. वीज जनरेटरवर बदलताना पेटी बंद पडली, पुन्हा चालू झाली आणि तिसऱ्या सेकंदाला कोसळली. पुन्हा आपणहून उठली, पुन्हा कोसळली. चार मिनिटं हेच चाललं होतं. नऊ खाटांचा विभाग, आणि सिस्टरसमोरचा पडदा काळा. शेवटी सिस्टरनी कपाटातली जुनी पेटी काढून जोडली, तेव्हा रेघा आल्या. कुणाला काही झालं नाही.

काही झालं नाही, हे वाक्य मी स्वतःला दिवसभर ऐकवत राहिले. डबा उघडला तसाच मिटला.

आमच्याकडे एक तपासनीस आहे. चाळिशीचा, दोन मुलींचा बाप. नऊ वर्षांत त्याने कोणत्याही गोष्टीला सरळ 'हो' म्हटलेलं नाही, म्हणून त्याला सगळे शंकासुर म्हणतात. आम्ही दोघांनी दुपारपर्यंत चूक शोधून काढली. चूक माझीच होती. वेळ वाचवण्याच्या नादात मी दार आधी उघडत होते आणि यादी नंतर तयार करत होते. मधल्या त्या एवढ्याशा फटीत जर एखादं पॅकेट आलं, तर ते कुणाला द्यायचं हे विचारायला कर्नल यादीकडे जाणार. यादीच नाही. तो रिकाम्या जागेत पाय टाकणार आणि कोसळणार.

"फळीवरच्या बारा पेट्यांत का नाही सापडली ही चूक?" मी विचारलं.

"आपली तपासणीची आवृत्ती प्रत्येक गोष्टीची नोंद लिहीत चालते, म्हणून संथ असते. तिच्यात दार जरा उशिरा उघडतं. आलेलं पॅकेट दार नसलेल्या भिंतीवर आपटून गेलं असणार." तो खुर्चीत मागे रेलला. "ताई, चूक तर सापडली. पण माझी एक शंका आहे."

"बोल."

"दार उघडलं तेव्हा कार्ड बंदच होतं. त्याला वीजच नंतर मिळते. मग पॅकेट आलं कुठून?"

३

कारणं शोधण्यात माझा हात कुणी धरणार नाही. पहिलं कारण मी तिथल्या तिथे दिलं: आधीच्या वेळचं काहीतरी मेमरीत उरलं असेल. मग आम्ही एक पेटी दोन दिवस वीज काढून ठेवली. गार, कोरडी, मेलेली. तिच्यात खरी वेगवान आवृत्ती घातली आणि फक्त एक मोजणी जोडली: वेळेआधी किती पॅकेटं आली?

पेटी चालू केली. आकडा आला: एक.

केबल काढली. एक. वायरलेसचा भाग सुटा करून टेबलावर ठेवला. एक. दुसरी पेटी घेतली, तिसरी घेतली, बाराही पेट्या झाल्या. प्रत्येक वेळी तिसऱ्या सेकंदाला एक. दोन नाहीत, शून्य नाही.

"म्हणजे अकरा वर्षं हे येतंय," शंकासुर हळू आवाजात म्हणाला. "जुन्या क्रमात तिसऱ्या सेकंदाला दार नव्हतंच, म्हणून कुणाला कळलं नाही. तुम्ही दार आधी उघडलंत आणि ते नेमकं उंबऱ्यात सापडलं."

मी ते पॅकेट पकडून ठेवायची सोय केली आणि उघडून वाचलं. आत काही भयंकर नव्हतं. नेटवर्कवर दिवसातून हजार वेळा विचारला जाणारा साधा प्रश्न होता तो: अमुक पत्ता कोणाचा आहे, मला कळवा. गल्लीत नवीन आलेला माणूस विचारतो तसा. विचारणाऱ्याच्या पत्त्याची जागा मात्र कोरी होती.

मग मी विचारलेला पत्ता पाहिला. पेटीला स्वतःचा पत्ता नसतो. ती पूर्ण उठली, नेटवर्कला जोडली, की तिथला सर्व्हर रिकामे असतील त्यांतला कुठलाही एक पत्ता तिला देतो. मी तो आकडा कागदावर लिहिला, पेटीला केबल लावली आणि मिळालेला पत्ता पाहिला.

तोच होता.

पाच वेळा केलं. पाचही वेळा पत्ता वेगळा मिळाला, आणि पाचही वेळा तो आधीच विचारून झालेला होता. शंकासुराने कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. त्याने एकही शंका काढली नाही, तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

४

आमच्या मजल्याच्या टोकाला पत्र्याची एक खोली आहे. भिंती, छत, दार, सगळं धातूचं. बाहेरची कुठलीही लहर आत येऊ नये म्हणून बांधलेली. तिला आम्ही 'डबा' म्हणतो. आत गेल्यावर मोबाईल मुका होतो, आणि दार लावलं की स्वतःच्या गिळण्याचा आवाज येतो.

सकाळी अकराच्या सुमारास आम्ही एक पेटी आणि सिस्टरच्या टेबलावर असतो तसा एक पडदा घेऊन डब्यात गेलो. पेटीला बॅटरी लावली. केबल नाही, खाटेचं यंत्र नाही, काही नाही. दार आतून ओढून घेतलं.

आदल्या संध्याकाळी मी चूक दुरुस्त केली होती, कुठल्याही पुस्तकात सांगतील तशी: यादी आधी, मग दार. दोन ओळींची अदलाबदल. चार सेकंदांचा विक्रम शाबूत, पाटी शाबूत. आता पॅकेट आलं तरी कर्नल कोसळणार नव्हता. पत्त्याची जागा कोरी असेपर्यंत विचारलेला पत्ता आपलाच धरून प्रश्नाला रीतसर उत्तर देणार होता. इतकी नीटस दुरुस्ती क्वचितच जमते. मी खूश होते.

"चालू कर," मी म्हटलं.

एक. दोन. तीन. पेटी कोसळली नाही. पडद्यावर ओळ आली: प्रश्न मिळाला, उत्तर दिलं. उत्तर म्हणजे दोनच शब्द असतात: 'मी आहे.' चौथ्या सेकंदाला पेटी सज्ज झाली. मी शंकासुराकडे वळून हसणार, तेवढ्यात पडद्यावर एक रेघ उमटली.

नाडीची रेघ. खाटेचा क्रमांक नाही, नाव नाही. नुसती हिरवी रेघ, ठराविक वेळाने उंच होणारी, आणि तिच्याबरोबर तो इस्पितळातला बारीक आवाज. टिक. टिक. टिक.

"नमुन्याची रेघ असेल," शंकासुर म्हणाला. "प्रदर्शनासाठी टाकतो ती."

"ती या आवृत्तीत नाही. मीच काढलीय."

"मग पडद्याच्या मेमरीत..."

"असेल."

दोघेही आपल्या जागी उभे होतो. पत्र्याच्या भिंतींवरून तो आवाज सगळीकडून आल्यासारखा वाटत होता. मी नीट पाहायला पुढे वाकले. रेघेचा वेग वाढला. टिकटिकटिक. मी मागे झाले. ती सावकाश झाली. मी बावन्न वर्षांची बाई आहे, यंत्राशी बोलत नाही. पण तोंडातून निघून गेलं,

"कोण?"

आवाज थांबला.

रेघ सपाट झाली. नाडी अशी थांबली की आमची पेटी एका सेकंदात धोक्याची घंटा वाजवते. मीच तसं लिहिलंय, आणि ती घंटा आजवर कधी चुकलेली नाही. घंटा वाजली नाही. म्हणजे पेटीच्या हिशेबी पलीकडचं जे कोणी होतं ते जिवंत होतं. फक्त गप्प होतं. लपाछपीत पडद्यामागे उभं राहून कुणी श्वास रोखून धरावा, तसं.

शंकासुराने बॅटरी उपसली. इतक्या जोरात, की त्याचं बोट कापलं.

५

त्या दिवशी मी चार वाजताच घरी गेले. आई गॅलरीत खुर्ची टाकून बसली होती. तिने एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून काम केलं. कानाला हेडफोन, समोर बोर्ड. बोर्डावर दिवा लागला की प्लग खुपसायचा आणि म्हणायचं, 'नंबर प्लीज'. अजूनही फोनवर तिचा आवाज बदलतो, ताठ होतो.

"लवकर आलीस? बरं नाही का?"

"काम लवकर संपलं."

"तुझं काम आणि लवकर! कर्नल वारला की काय?"

मला हसू आलं आणि मग एकदम रडूच यायला लागलं. ते आवरत मी तिला सांगितलं. तिला कळेल असं नाही, जसं होतं तसंच सांगितलं. यंत्र उठायच्या आधी कुणीतरी विचारतं आणि आम्ही त्याला उत्तर दिलं, एवढं.

"सकाळची पाळी असली की आम्ही सहाला जायचो," ती शेवटी म्हणाली. "बोर्डाला वीज यायला पाच मिनिटं असायची. त्या पाच मिनिटांत एक दिवा लागायचा. रोज."

"वीज नसताना?"

"वीज नसताना."

"कुणाचा असायचा?"

"उचललाच नाही तर कळणार कसं?" तिने पदर सारखा केला. "मोठ्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, तो आपला नाही. एकतीस वर्षांत मी तो दिवा एकदाही उचलला नाही. हात शिवशिवायचा गं. वाटायचं, कुणी अडचणीत असेल. पण नाही उचलला." तिची मान ताठ झाली होती. पन्नास बायकांत उठून दिसायची म्हणतात, ती अशीच दिसत असणार.

"कुणीच नाही उचलला?"

आई रस्त्याकडे बघत राहिली. एक सायकल गेली. कुणीतरी कुणाला हाक मारली.

"एकीनं उचलला," ती म्हणाली. "चांगली होती ती मुलगी."

पुढे मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

६

दुसऱ्या दिवशी मी क्रम पुन्हा लिहिला. दोन ओळींची अदलाबदल पुसली, सगळाच भाग जुन्या चालीवर नेला. आधी यादी, मग कार्ड, आणि अगदी शेवटी दार. तिसऱ्या सेकंदाला जे येतं त्याच्यासमोर पुन्हा कोरी भिंत.

बैठकीत साहेबांनी आकडा पाहिला. "ताई, अकरा सेकंद? आपण पाटी लावलीय."

"पाटी काढा."

"चार सेकंद ठेवून ते एक पॅकेट तपासून परत पाठवता येणार नाही का? साधी अट घालायची."

"परत पाठवायचं तर आधी हातात घ्यावं लागतं," मी म्हटलं. "मला ते हातात घ्यायचं नाही."

साहेब माणूस भला आहे, पण त्याला कारण लागतं. "गिऱ्हाइकांना काय सांगू?"

"ताईंची चूक झाली म्हणून सांगा. घाई केली, क्रम मोडला. माझ्या नावानिशी लिहून द्या."

अकरा वर्षं जे नाव मी मिरवलं, ते असं टेबलावर काढून ठेवलं. पाठीचा कणा सरळ झाला. त्या इस्पितळात ती चार मिनिटं पेटी पुन्हा पुन्हा कोसळत होती, ते मला आता वेगळं दिसत होतं. तिथे यादी तयार असती, तर पेटीने उत्तर दिलं असतं. नऊ माणसं निजलेल्या खोलीत.

साहेबांनी शंकासुराकडे पाहिलं. "तुमची काय शंका?"

शंकासुराने पट्टी बांधलेलं बोट टेबलाखाली नेलं. "काही शंका नाही," तो म्हणाला. "मी तपासलंय. ताईंचं बरोबर आहे."

नऊ वर्षांतलं त्याचं हे पहिलं 'हो'. माझ्यापुरतं ते पाटीपेक्षा मोठं होतं.

कोडमध्ये त्या जागी मी एकच ओळ लिहिली: 'हा क्रम बदलू नये.' खाली माझं नाव.

७

नवी पेटी त्या इस्पितळात बसवायला मी स्वतः गेले. सकाळचे साडेदहा. पांढरं ऊन, फिनाईलचा वास, नऊ खाटा. तिथल्या सिस्टर माझ्याच वयाच्या, कमरेला घड्याळ अडकवलेल्या. "बाहेरच्यांना आत सोडत नाही आम्ही," त्या म्हणाल्या. "तुम्ही दारातच थांबा. बटण मी दाबते."

मी दारात उभी राहिले. खाटांशी असलेली यंत्रं आपापली चालू होती. फक्त आमची पेटी बंद करून चालू करायची होती. सिस्टरनी बटण दाबलं. मी मनात मोजायला लागले.

एक. दोन.

तिसऱ्या सेकंदाला नऊ माणसांनी माना वळवल्या.

एकदम, आवाज न करता, दाराकडे. चौथ्या खाटेवरचे आजोबा. खिडकीजवळची बाई, जिच्या तोंडात नळी होती. सहा दिवस शुद्धीवर नसलेला माणूस, त्याचे डोळे मिटलेले होते तरी चेहरा दाराकडेच. ते माझ्याकडे बघत नव्हते. माझ्या डाव्या खांद्याच्या जरा वर, मागे बघत होते.

मी ज्या व्हरांड्यातून आले होते तो रिकामा होता. मला माहीत होतं. श्वास रोखल्याचा आवाज नसतो. पण आपल्या मानेमागे जिथे श्वास असायला हवा तिथे तो नाही, हे कळतं.

चार. पाच. सहा. माना सावकाश परत वळल्या, एकेक. बोलावणं न आलेला माणूस जरा वेळ थांबून निघून जावा आणि घरच्यांनी सुटकेने आपापल्या कामाला लागावं, तशा. अकराव्या सेकंदाला पडदा उजळला. एक, दोन, तीन करत नऊ रेघा आल्या. नऊच. सिस्टरनी बोटाने मोजल्या.

"दर वेळी होतं हे," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "पेटी बंद करून चालू केली की. जुन्या पेटीलाही व्हायचं. चार-दोन क्षण, मग काही नाही. आम्ही बोलत नाही कुणाशी."

"आणि त्या दिवशी?"

"त्या दिवशी चार मिनिटं सगळे दाराकडेच बघत होते." त्यांनी घड्याळाची किल्ली उगाच फिरवली. "आणि ते आजोबा म्हणत होते, या ना, आत या, बाहेर का उभे."

नियमाप्रमाणे पेटी तीनदा चालू करून पाहायची असते. अजून दोनदा बाकी होतं. "तुम्ही हवं तर त्या बाजूच्या खोलीत बसा," सिस्टर हळूच म्हणाल्या. "मी करते. तुम्हाला नंतर सांगते."

"नको," मी म्हटलं.

मी मागे वळून पाहिलं नाही. पाय जरा फाकवून उभी राहिले आणि दोन्ही हात चौकटीला लावले, इकडे एक, तिकडे एक. लाकूड गुळगुळीत आणि कोमट होतं. आठ हजार खोल्यांची दारं मी अकरा वर्षं न कळत धरून ठेवली होती. हे एक कळून धरायचं होतं.

"सिस्टर," मी म्हटलं, "करा चालू."